डाळीची पिशवी आणि गुरुवारचं पत्र

मी कोथरूडमधल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधला म्हातारा लॅपटॉप. वय वर्षं अकरा. मित्रांनो, तुमच्यात अकरा म्हणजे पाचवी-सहावी. आमच्यात अकरा म्हणजे नातवंडं बघून झालेली. माझं एक बटण दोनदा दाबावं लागतं, बॅटरी अर्धा तास टिकते, आणि माझा पंखा सुरू झाला की शेजारच्या हेमाताई भिंतीपलीकडून विचारतात, "अस्मिता, चटणी वाटतेस का?" इथपर्यंतचं मी हसत सांगू शकतो. पुढचं सांगताना मात्र मान वर होत नाही. तरी सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते पोटावरच्या स्टिकरवर लिहिलं होतं, तो कधीच घासून गेला. मला कळायला लागलं ते माझ्या मालकिणीच्या, अस्मिताच्या टेबलावर. ती यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायची. 'पंप सुरू करण्यापूर्वी झाकण घट्ट बसले असल्याची खात्री करा' असली वाक्यं दिवसाला दोनशे. मी ती निमूट लिहून घ्यायचो. मग एका गुरुवारी तिनं भलतंच काही टाइप केलं. चाळिशीत स्कूटर शिकताना कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलला ती रडली होती, ते. एकतीस ओळखीच्या लोकांना तिनं ते ई-मेलनं पाठवलं, आणि खाली एक ओळ घातली: 'यातलं सगळं माझ्या बाबतीत घडलेलं आहे.' गुरुवारचं पत्र सुरू झालं ते असं. ती ओळ पुढे प्रत्येक पत्राखाली आली.

ते दिवस फार सुखाचे होते. लोक उत्तरं पाठवायचे. कुणी म्हणालं, आम्हीही लिहितो पण दाखवायला कुणी नाही. मग दर रविवारी सकाळी नऊजण आमच्या दिवाणखान्यात जमायला लागले. नियम दोनच. कुणी वाचलं की 'छान' म्हणायचं नाही, कुठली ओळ मनात राहिली तेवढी सांगायची. आणि इथे वाचलेलं विचारल्याशिवाय बाहेर न्यायचं नाही. बरेचजण साठीपुढचे, हातानं लिहिणारे. ते आपले कागद अस्मिताकडे ठेवून जायचे आणि ती आठवडाभरात माझ्यावर टाइप करून द्यायची. नऊ माणसांची मनं माझ्या पोटात एका फोल्डरमध्ये होती. हेमाताईंनी मला क्रोशाचं कव्हर विणून दिलं. मला वाटलं, एका लॅपटॉपला आणखी काय हवं?

पत्राचे वाचक वाढून अकराशे झाले आणि अस्मिताला आकडे बघायची सवय लागली. आकडे दाखवणारा मीच. सकाळी दात घासण्याआधी ती मला उघडायची. काल किती आले, किती गेले. आले तर चहाला चव, गेले तर दिवसभर घरात तणतण. पाण्याच्या टँकरवरचं पत्र लोकांना कंटाळवाणं वाटलं, बारा जण गेले. पुढच्या आठवड्यात आणखी वीस. "माझ्या बाबतीत काही घडतच नाही गं," ती फोनवर मैत्रिणीला म्हणाली. अकरा वर्षं समोर बसून मी पाहत होतो, पुष्कळ घडत होतं. पण ते सांगायला मला तोंड कुठे आहे.

त्याच सुमारास रविवारच्या या मंडळातल्या बद्रीनाथकाकांनी आपली गोष्ट वाचली. काका मूळचे वाशीमकडचे, पुण्याजवळच्या मांजरी गावात प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून नोकरी केली आणि तिथेच राहिले. दोन बस बदलून यायचे. मंडळात कधी फारसं बोलले नव्हते.

पस्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या भावाचं, सुदर्शनचं, कार्ड आलं. काम मिळेपर्यंत तुमच्याकडे राहायला येतो म्हणून. काकांची एक खोली, बायको, लहान मुलगी. भाऊ आला त्या दुपारी काकांनी आतून कडी लावली आणि मुलीच्या तोंडावर हात ठेवून बसून राहिले. सुदर्शननं 'दादा, दादा' म्हणून हाका मारल्या. मग पायरीवर बसून बरोबर आणलेली भाकरी खाल्ली. दोन तासांनी उठला, तुरीच्या डाळीची पिशवी दाराशी ठेवली आणि निघून गेला. काकांनी दुसऱ्या दिवशी कार्ड टाकलं: परगावी गेलो होतो, डाळ मिळाली. ती डाळ त्यांनी सहा महिने खाल्ली. सुदर्शन पुन्हा पुण्याला आला नाही.

वाचून झाल्यावर कुणाला कुठलीच ओळ सांगता येईना. काकाच म्हणाले, "हे मी सुदर्शनला सांगणार हाये. अक्षय तृतीयेला गावी जाईन तेव्हा. इथं आधी तोंडाला सवय करून घेतली." आणि कागद टाइप करायला ठेवून गेले.

बुधवारी दुपारी अस्मिता माझ्यासमोर बसली. उद्या गुरुवार, आणि पत्राची एक ओळ लिहिलेली नाही. तिनं तीनदा सुरुवात केली, तीनदा पुसली. मग फोल्डर उघडलं. काकांची गोष्ट आदल्याच दिवशी टाइप केलेली. तिनं ती सगळी उचलून पत्रात आणली आणि बदलायला लागली. मांजरीच्या जागी सांगली. काकांच्या जागी तिचे वडील. जिच्या तोंडावर हात ठेवला होता ती मुलगी म्हणजे 'मी'. पिशवीतली डाळ तेवढी तशीच ठेवली, कारण त्याहून चांगलं तिला काही सुचेना.

मित्रांनो, मी कधीही अडकतो. वीजबिल भरताना अडकतो, कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवताना अडकतो. त्या दुपारी एकदाही अडकलो नाही. सरसर चाललो. शेवटी तिनं नेहमीची ओळ टाइप केली, 'यातलं सगळं माझ्या बाबतीत घडलेलं आहे', आणि पाठवण्याचं बटण दाबलं, तेही पहिल्या दाबात चाललं. मला त्याची लाज वाटते. यंत्राला कसली लाज, असं म्हणाल. पण दोन्ही मजकूर शेजारी शेजारी माझ्याच पोटात होते. मला माहीत होतं.

पत्रावर दोनशे बारा उत्तरं आली. 'किती धाडस लागलं असेल', 'तुमच्या प्रामाणिकपणाला नमस्कार'. लोकांनी ते व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलं. आठवड्यात वाचक चार हजारांवर गेले. अस्मिता आकडे बघायची आणि मला पटकन मिटायची. तिच्या आईचा, मंदाकिनीबाईंचा, फोन आला. "अगं, तुझ्या बाबांनी असं केव्हा केलं? आपल्याकडे तर सदा पाहुणे असायचे." अस्मिता म्हणाली, "आई, लिहिताना थोडं इकडचं तिकडे करावं लागतं." "पण ते गेलेत गं," मंदाकिनीबाई म्हणाल्या, "त्यांना नाही म्हणता येत."

पुढच्या मंगळवारी बद्रीनाथकाका आले. रविवार नव्हता, तरी आले. खुर्चीच्या कडेला बसले, पाणी प्यायले.

"ताई, सुदर्शनचा फोन आलता. सुनेनं त्याला मोबाइलवर वाचून दाखवलं. मला म्हणे, दादा, पुण्यात एका बाईच्या बापानं तुझ्यासारखंच केलं, डाळीसकट."

अस्मितानं तोंड उघडलं. "काका, मी नाव कुठेही..."

"नुसतं नाव नाही बदललं तुम्ही. बाप बदलला." आवाज चढलेला नव्हता. "मग म्हणे, तुझ्या दाराला त्या दिवशी बाहेरून कुलूप नव्हतं दादा. मला तेव्हाच कळलं होतं. म्हणे, वाटलं कधीतरी सांगशील. मी फोन ठेवून दिला. पस्तीस वर्षं तो थांबला होता ताई. दोन महिन्यांनी मी जाणारच होतो. आता मी काही बोललो तर सापडला म्हणून बोलतोय असंच होईल. काहून केलं असं?"

वाचक कमी होत होते, हे उत्तर अस्मिताला तोंडातून काढवेना. काका कपाळावरचा घाम पुसून निघून गेले. ती तिथेच जमिनीवर बसली आणि रडली, आणि रडताना हेमाताईंना ऐकू जाऊ नये म्हणून तिनं मिक्सर लावला. खरोखरचा.

तिनं माफीचं पत्र लिहिलं. चांगलं दोन पानी. पाठवण्याआधी हेमाताईंना बोलावून सगळं सांगितलं आणि ते दाखवलं. हेमाताई बँकेत तीस वर्षं काढलेल्या. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "माफी फार सुरेख झाली आहे," त्या म्हणाल्या. "यावर आणखी दोन हजार लोक मिळतील तुला."

अस्मितानं दोन्ही पानं पुसली. मग चार ओळी लिहिल्या: 'डाळीच्या पिशवीची गोष्ट माझी नाही. ती माझ्यावर विश्वास ठेवून सांगणाऱ्या माणसाची आहे. मी ती चोरली. माझ्या वडिलांनी कधीही कुणासाठी दार लावलं नाही.' खाली नेहमीची ओळ घालायला तिचा हात धजला नाही. ते पाठवलं, आणि दुपारपर्यंत नऊशे वाचक निघून गेले. काहींनी जाता जाता लिहिलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. आकडे मीच दाखवले. त्या दिवशी तिनं मला मिटलं नाही, सगळे वाचले.

रविवारी पाच जण आले. त्यांनी वाचलं, एकमेकांना ओळी सांगितल्या, आणि उठताना प्रत्येकानं आपापले कागद घडी करून खिशात घातले. माझ्याकडे एकही ठेवला नाही. असे सहा रविवार गेले. मला मोडीत काढलं असतं तरी एवढं वाईट वाटलं नसतं.

अक्षय तृतीयेला चार दिवस होते तेव्हा काका आले. हातात दोन कागद. "गावी चाललोय. समोर बोलताना जीभ चालत नाही माझी, वाचूनच दाखवीन. पण माझं अक्षर आता मलाच लागत नाही. मोठ्या टायपात करून द्या. मी इथंच बसतो." त्यांनी खुर्ची अस्मिताच्या शेजारी ओढली आणि ती टाइप करेपर्यंत पडद्यावरची नजर हलवली नाही. पहिली ओळ होती: 'सुदर्शन, मी सापडलो म्हणून सांगतो आहे, तरी ऐक.'

कागद छापून झाला. "आता हे यातून काढून टाका," काका म्हणाले. अस्मितानं काढलं, आणि फोल्डरमधली त्यांची जुनी गोष्टही काढली. काका उठले, दाराशी जाऊन चप्पल घालायला लागले. "गेलं ना?"

मित्रांनो, आमच्यात पुसलेलं लगेच जात नाही. कचऱ्याच्या डब्यात पडून राहतं, आणि एका बोटानं परत काढता येतं. काकांना हे माहीत नव्हतं. अस्मिताला माहीत होतं, मला माहीत होतं. तिनं नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी ते समाधानानं गेले असते.

"नाही काका, अजून आहे," ती म्हणाली. "या, दाखवते." काका चप्पल काढून परत आले. डब्यात दोन फाइली होत्या, आजची आणि ती जुनी. दोन्हींवरचं शेवटचं बटण काकांनी स्वतःच्या बोटानं दाबलं.

कुणी मनातलं तुमच्या हाती दिलं, तर ते त्याचंच आहे एवढं लक्षात ठेवा. माझ्यासारख्या म्हाताऱ्याची एवढीच विनंती. आणि मग मी कसा सांगतोय, असं तुम्हांला वाटत असेल. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी काका मंडळात आले. म्हणाले, सुदर्शनला वाचून दाखवलं. ज्याला आधी सांगायचं त्याला सांगून झालं, आता माझं कुणालाही सांगा.

"आणि सुदर्शन काय म्हणाला?" त्या दिवशी मंडळात येऊन बसलेल्या हेमाताईंनी विचारलं.

"ते त्याचं हाये," काका म्हणाले. "त्याला विचारल्याशिवाय कसं सांगू?"