निळं बटण

"काका, थाळीत किती राहिलीत?" सरपंचबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"एकच, ताई," शिपाई म्हणाला.

ग्रामसभेला पन्नास माणसं लागत. मोजणीवरून पूर्वी हमरीतुमरी व्हायची, तेव्हा शिपायाच्या बायकोनं तोडगा काढला. ती शिवणकाम करायची. तिनं आपल्याकडची पन्नास बटणं थाळीत ओतली. आत येणाऱ्यानं एक उचलायचं आणि पत्र्याच्या डब्यात टाकायचं. थाळी रिकामी झाली की सभा सुरू. ती स्वतः नेहमी कोटाचं मोठं निळं बटण टाकायची. आज तेवढंच उरलं होतं. त्याला हात लावायला कुणी धजावलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी ओढा ओलांडताना ती वाहून गेली. आता त्याच ओढ्यावर पूल मंजूर होता, फक्त सभेचा ठराव हवा होता. दोन सभा माणसांअभावी बारगळल्या. निम्मं गाव पोटापाण्यासाठी बाहेर. सभेच्या यादीत पाचशे नावं, त्याचा दहावा हिस्सा हजर पाहिजे. यादीतली दहा माणसं मेलेली. ती नावं सभेनंच कमी करायची, आणि त्या नावांमुळेच सभा भरायची नाही. असली अक्कल कागदालाच सुचते! आज शेवटची मुदत होती.

"अहो, टाका की तुम्हीच ते बटण," न्हावी म्हणाला. "कोण बघतंय?"

"माझं मघाशीच टाकलंय. तिनं घातलेला नियम मीच मोडू होय?"

कुणी येतंय का पाहायला तो बाहेर गेला. रस्ता रिकामा होता. पलीकडे ओढा ठणठणीत कोरडा पडला होता. तो परत आला, तर थाळी रिकामी होती.

"कुणी टाकलं?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. ग्रामसेवक तीन महिन्यांपूर्वीच बदलून आलेला, काटेकोर माणूस. त्यानं उठून डोकी मोजली.

"पन्नास. बरोबर आहे."

शिपायानं मोजली. एकोणपन्नास. पुन्हा मोजली, तरी तेवढीच.

"काका, त्या खिडकीजवळच्या बाईंना सोडताय तुम्ही," ग्रामसेवक म्हणाला.

सगळ्यांच्या माना वळल्या. खिडकीजवळची खुर्ची तिचीच, ठरलेली. तिथं कुणीच नव्हतं. पण तसं म्हणायला एकाचीही जीभ रेटली नाही. न्हाव्यानं हळूच आपली खुर्ची पुढे ओढून घेतली.

"सुरू करा," सरपंचबाई म्हणाल्या.

पहिला विषय नावं कमी करण्याचा. नऊ नावांवर रेघ पडली. दहाव्याला सरपंचबाई थांबल्या.

"काका, हे राहू दे का?"

राहू दे, असंच त्याच्या ओठांवर आलं होतं. घरातून ती गेली, अंगणातून गेली, पण यादीत होती. दर सभेला तो ते नाव बोटानं चाचपून बघायचा. एवढाच आधार त्याला उरला होता.

"काढा, ताई," तो म्हणाला. "किती दिवस तिष्ठत ठेवायचं तिला?"

मग पुलाचा ठराव आला आणि भराभर हात वर झाले. ग्रामसेवकानं लिहिलं : उपस्थिती पन्नास. त्यानं वर पाहिलं. "अरेच्चा, त्या बाई गेल्या वाटतं."

माणसं एरवी सभेनंतर तासभर रेंगाळायची, आज चपला हातात घेऊनच निघाली.

शिपायानं डबा थाळीत उपडा केला. बटणं ओली होती. त्यानं ती एकेक करून मोजली. एकोणपन्नास. निळं त्यात नव्हतं.

"एक हरवलं का? असू द्या," दप्तर आवरत ग्रामसेवक म्हणाला. "यादीत आता चारशे नव्वद नावं राहिली. पुढच्या वेळी एकोणपन्नासच लागतील."

तो गेल्यावर शिपायानं खुर्च्या मिटून भिंतीला लावल्या. खिडकीजवळची तेवढी राहिली. तिच्या बैठकीवरून थेंब थेंब पाणी फरशीवर पडत होतं. खांद्यावरचं फडकं त्याच्या हातात आलं होतं, पण त्यानं ते परत खांद्यावर टाकलं. मग दुसरी एक खुर्ची उघडून तो शेजारी बसला, ती आपोआप वाळेपर्यंत.