कड बारीक ठेवा

ठमी आठ वर्षांची होणार होती, आणि आजवरचे तिचे सगळे केक तिच्या आईनं केले होते. आई म्हणजे घरातली थोरली सून. दोघा भावांची बेकरी. भाऊ मागं भट्टी सांभाळायचे आणि पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, हातात क्रीमचा कोन धरून थोरली केक सजवायची. तिच्या हातचा गुलाब बघून लोक सुरी लावायला कचरतात, असं ती स्वतःच सांगायची, पण ते खोटं नव्हतं.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं. धाकटी घरात आली आणि येताना प्रिंटर घेऊन आली. तो थोरलीच्या खिडकीपाशीच मांडला गेला.

दिसायला तो कुठल्याही ऑफिसातल्यासारखा. फक्त त्यातली शाई खायची आणि कागद साखरेचा. आयसिंग शीट म्हणायचं त्याला. फोटो छापायचा, पाठीमागचं प्लास्टिक अलगद सोडवायचं आणि शीट क्रीमवर पसरायची. जरा वेळानं ती क्रीमला अशी धरते की पुन्हा वेगळी म्हणून निघत नाही. बघता बघता गिऱ्हाइकं दारातूनच फोटोवाल्या ताई आहेत का, असं विचारायला लागली. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. साखरेचा म्हणा नाहीतर मधाचा म्हणा, शेवटी तोंडात कागदाची चव येतेच, असं ती काउंटरवर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. स्वतः तिनं एक तुकडाही कधी जिभेवर ठेवला नव्हता.

त्यात ती कड. शीटच्या कडा सुकल्या की वर उचलतात, म्हणून भोवतीनं क्रीमची कड मारावी लागते, आणि ते काम थोरलीकडं आलं. वहिनी, तेवढी कड मारून देता का, असं धाकटी दिवसातून कितीदा तरी म्हणायची, तेही गोड आवाजात. त्या गोड आवाजाचाच थोरलीला जास्त राग. अख्खे केक जिनं फुलवले, ती आता दुसरीच्या फोटोंना कुंपण घालत बसली होती.

एवढं सगळं तिनं गिळलं. गिळता आलं नाही ते ठमीचं. एके दिवशी पोरीनं शाळेतून येऊन दप्तर भिरकावलं आणि जाहीर केलं, की यंदा फोटोचा केक हवा आणि तो काकूच करणार. थोरली नुसतं "बरं" म्हणाली आणि समोरचं क्रीम इतकं फेटत राहिली की त्याचं लोणी झालं.

मग काकू-पुतणीची खलबतं सुरू झाली. दोघी प्रिंटरपाशी डोकी जोडून मोबाइलमधले फोटो चाळायच्या, आणि थोरलीची चाहूल लागली की मोबाइल उपडा. कुठला फोटो घेताय, असं थोरलीनं एकदाच विचारलं, आपल्याला काही पडलेलं नाही अशा थाटात. ठमी म्हणाली, केकवरच बघ. फोटोंचं आणि थोरलीचं तसंही वाकडं होतं. कुणी मोबाइल रोखला की ती कोन तोंडाआड धरायची. तिचा धड हसरा असा एकही फोटो घरात नव्हता.

शेवटी तिनं भट्टीपाशी जाऊन नवऱ्याला गाठलं. तुमच्या भावजयीनं माझी गिऱ्हाइकं नेली, माझी जागा नेली, आता पोरगी न्यायला निघालीय, असं सगळं एका दमात सांगितलं. पावांचा ट्रे ओढता ओढता तो म्हणाला, पोरगी काही परक्याच्या घरी चाललेली नाही, चुलतीच्याच मांडीवर बसतेय. समजूत घालायची त्याची ही अशी तऱ्हा. थोरली आणखीच पेटून परत आली.

वाढदिवसाच्या दुपारी धाकटीनं केकवर शीट पसरली आणि मधून बाहेर बोटं फिरवत खालची हवा काढली. तेवढ्यात काउंटरवर कुणीतरी आलं. हात पुसत ती निघाली आणि दारात थबकली.

"वहिनी, कड बारीक ठेवा हं. आणि वरच्या कोपऱ्यात गुलाब नको, एवढं बघा."

थोरलीनं फोटो बघितला. गालाला गाल लावून ठमी आणि काकू. दोघींच्या नाकांवर क्रीम, दोघी खदाखदा हसतायत. काकूचा चेहरा वरच्या बाजूला, अगदी कोपऱ्याला लागून. म्हणजे म्हणून कोपऱ्यात गुलाब नको होय! बाईसाहेबांचं मुखदर्शन पुरतं व्हायला हवं. वाढदिवस माझ्या पोरीचा, आणि मी हिची कड बारीक ठेवायची?

तिनं कोनाच्या टोकाचं बारीक नोझल काढून ठेवलं आणि गुलाबाचं लावलं.

पहिला गुलाब नेमका त्याच कोपऱ्यात. तिथं काकूच्या खांद्यामागं काहीतरी तपकिरी, अंधुक होतं; कपाट असेल नाहीतर भट्टीचं दार. थोरलीचं तिकडं लक्षच नव्हतं. तिचा डोळा होता त्या हसऱ्या चेहऱ्यावर. दुसरा गुलाब काकूच्या कानावर बसला. तिसऱ्यानं निम्मा गाल खाल्ला. मग तिला इतकं बरं वाटलं की उरलेली कड तिनं अगदी बारीक, देखणी मारली. काम झाल्यावर जरा मागं सरकून तिनं केक बघितला. तिला वाटलं, कोण म्हणेल मुद्दाम केलं म्हणून.

ठमी उड्या मारत आली, तिच्यामागं काकू. ठमीनं केकवर वाकून पाहिलं, मान इकडून तिकडं केली, पुन्हा वाकली.

"आई कुठंय?"

थोरली म्हणाली, ही काय, इथं तर उभी आहे.

"तू नाही. यातली आई." ठमीनं कोपऱ्यातल्या गुलाबापाशी बोट नेलं. "इथं मागं तू होतीस. आमच्याकडं बघून हसत होतीस, तुला कळलंच नव्हतं फोटो काढलेला. म्हणून तर हा फोटो घेतला."

थोरलीनं पातळ सुरी उचलली आणि गुलाबाखाली सरकवली. गुलाब उठला, पण त्याच्याबरोबर शीटचा कोपराही उठला, आणि खाली पांढऱ्या क्रीमवर नुसता तपकिरी, गुलाबी डाग राहिला. तो डाग म्हणजे आपण, हे तिला कळत होतं आणि बघवत नव्हतं.

धाकटीनं एकदा केककडं बघितलं, एकदा थोरलीकडं. तिला काय समजायचं ते समजलं. मग ती ठमीपाशी बसली आणि म्हणाली, की चूक काकूची, शीट कापताना कोपरा उडाला, म्हणून आईला तिथं फूल घालावं लागलं.

ठमीचे डोळे भरले, पण तिनं काकूच्याच गळ्यात हात टाकले. "असू दे काकू," म्हणाली, "तू मुद्दाम थोडंच केलंस."

काकूच्या गळ्यातले ते दोन हात थोरली बघत राहिली. गिऱ्हाइकं गेली, खिडकीची जागा गेली, आणि आता आपण केलेल्या चुकीची माफीसुद्धा हिलाच? ती पटकन बोलून गेली.

"काकूनं नाही काही. मी केलंय. मुद्दाम."

ठमीनं मान वर केली. "का?"

धाकटी खाली बघून ठमीच्या फ्रॉकची नाडी बांधत बसली. शेवटी थोरली हळूच म्हणाली, "मला त्यात फक्त काकूच दिसली."

ठमी पुढं आली. मग आईच्या हातातली सुरी घेऊन तिनं डागाचा तो कोपरा वेडावाकडा कापला, त्यावर उपटलेला गुलाब उलटाच चिकटवला, आणि तुकडा आईच्या तोंडापाशी धरला.

"हा तुझा. तूच खा."

थोरलीनं तोंड उघडलं. क्रीम विरघळलं, मागून शीट विरघळली, आणि जिभेवर नुसता गोडवा राहिला. कागदाची चव कुठंच लागली नाही. याचाही तिला थोडा राग आलाच.