रकान्यातला पुतण्या

सरकारी अँब्युलन्स चालवणाऱ्याला कागदोपत्री 'पायलट' म्हणतात. प्रेमराजच्या ओळखपत्रावरही तेच छापलेलं होतं. फैजपूरच्या गाडीवर त्याला तीन वर्षं होऊन गेली, पण त्या नावानं कुणी त्याला हाक मारली नव्हती. लोक 'ओ अँब्युलन्सवाले' म्हणायचे आणि पाठोपाठ, 'एवढा उशीर?' असं विचारायचे.

उशिरालाही कारणं असायची. फोन करणारा सांगायचा, "केळीच्या मळ्याजवळ या." आता फैजपूरच्या चारी बाजूंना केळीचा मळा नाही अशी जागा दाखवा. कधी दहा किलोमीटर सायरन वाजवत जावं, तर पेशंट पायात चप्पल, हातात पिशवी घेऊन फाट्यावर उभा असायचा. "जळगावला भाचीचं बारसं आहे, जाता जाता दात पण दाखवून घेतो." एकदा लग्नाच्या वरातीत गाडी अडकली, तर नाचणाऱ्यांना सायरनचा ठेका आवडला. गाडीत बाळंतीण कळा देत होती आणि बाहेर एकजण काचेवर टकटक करून म्हणत होता, "भो, बंद नको करू, मस्त वाजतंय."

गाडीवर त्याच्या जोडीला सुलक्षणा मॅडम असायच्या. तिशीच्या आतल्या डॉक्टर. कॉल नसला की पुढच्या परीक्षेचं पुस्तक उघडून बसायच्या. बाई चांगल्या होत्या, पण बारा तासांत दोघांचं बोलणं 'निघू या', 'डावीकडे घ्या' आणि 'ऑक्सिजन भरून आणा' यापलीकडे फारसं जात नसे. संध्याकाळी त्या नवऱ्याच्या मोटारसायकलवरून घरी जात. प्रेमराज आपल्या भाड्याच्या खोलीवर जाई.

तो मूळचा धुळ्याकडचा, लामकानीचा. बायको चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी दिपमाला सुरतेला दिली होती, तिच्या घरी तिच्या मागे माणसांचा रगाडा. ती रविवारी फोन करायची, "पप्पा, जेवलात का?" इथवर बोलणं यायचं आणि मागून कुणीतरी तिला हाक मारायचं. गावाकडं घराला कुलूप होतं. आणि इकडं, खानदेशातच असूनही, त्याची बोली परकी होती. धुळ्याची अहिराणी वेगळी, फैजपूर-सावद्याची बोली वेगळी. सुरुवातीला तो 'आहे'ला 'शे' म्हणाला की चहाच्या टपरीवरची माणसं हसायची. कुणी वाईट हेतूनं हसत नव्हतं. पण माणूस हळूहळू जीभ आवरतो. आता तो सगळ्यांशी ऑफिसातलं मराठी बोलायचा. आपली बोली शेवटची कधी बोललो हे त्याला आठवतही नव्हतं.

एप्रिलातल्या एका सोमवारी, अकराच्या सुमाराला फैजपूरच्या बसस्टँडवरून कॉल आला. एक म्हातारा माणूस फलाटावर कोसळला होता. धोतर, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. भोवती पन्नास माणसं, त्यातली वीस मोबाईलवर चित्रं घेत होती. मॅडमनी नाडी पाहिली, साखर पाहिली. "ऊन बाधलंय. पोटातही काही नाही. उचला." उचलायला मात्र पन्नासातले दोघेच पुढे आले.

गाडीत सलाईन लावल्यावर म्हाताऱ्यानं डोळे किलकिले केले. मॅडम विचारत होत्या, "बाबा, नाव काय? घरचं कोण आहे?" तो नुसता छताकडे पाहत होता. स्टिअरिंगवरून प्रेमराजनं मान न वळवता ऐकलं, म्हातारा पुटपुटला, "माले घर जावानं शे."

प्रेमराजनं आरशातून मागं पाहिलं. त्यानं जोरात विचारलं, "आबा, कोन्ता गावना तुम्ही?"

 मग मागून बारीक आवाज आला. "तू धुयाकडना का रे?"

"हां, लामकानीना."

"मी नेरना," म्हातारा म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर जीवराम नावाचा कारकून बसायचा. त्यानं नाव विचारलं. ते पिशवीतल्या एसटीच्या पासावरून मिळालं होतं, अभिमन पाटील. वय पंच्याहत्तर. मग त्यानं विचारलं, "नातेवाईक?"

"कुणी नाही. स्टँडवर सापडले."

"तसं नाही चालत. हा रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढे सरकत नाही. आणि 'बेवारस' टाकलं तर आधी पोलिसांना कळवा, पंचनामा, त्यात तुमची गाडी दोन तास इथंच."

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. भालोदच्या रस्त्यावर अपघात झाला होता. "भाऊ, चला लवकर," त्या म्हणाल्या.

"माझं नाव टाका," प्रेमराज म्हणाला.

"नातं काय? इथं यादी येते. मुलगा, मुलगी, भाऊ, पुतण्या..."

"पुतण्या."

जीवरामनं बटण दाबलं. कॉम्प्युटर पुढे सरकला.

दुपारी गाडी धुताना प्रेमराजचा फोन वाजला. दवाखान्यातून सिस्टर बोलत होत्या. "अभिमन पाटलांचे पुतणे ना? पेशंटला टाकून कुठे गेलात? त्यांना कपडे आणा, ताटवाटी आणा. आणि येताना दोन फोटो आणि आधार कार्ड." तो सांगू लागला, "अहो, मी अँब्युलन्सचा..." पण सिस्टरना पुढचा पेशंट होता. फोन ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी ड्युटीआधी, सात वाजता, तो आपली एक धुतलेली लुंगी, स्टीलचा डबा आणि टपरीवरचा चहा घेऊन वॉर्डात गेला. म्हातारा उशीला टेकून बसला होता.

"उना का?" तो म्हणाला, जसं काही वाटच पाहत होता.

त्या अर्ध्या तासात दोघं काय काय बोलले. नेरजवळची पांझरा नदी, तिला आता पाणी किती असतं. लामकानीचा बाजार. कोणाची कोण कुठे दिली. दोघांच्या ओळखीचा एकही माणूस निघाला नाही, तरी बोलणं तुटेना. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "काका-पुतण्यांचं भारी प्रेम आहे." प्रेमराजनं तिला दुरुस्त केलं नाही.

त्या दिवशी दोनदा फोन आला. एकदा औषधाच्या चिठ्ठीसाठी, एकदा पेशंट जेवत नाही, जरा समजावा म्हणून. एरवी त्याच्या फोनवर कॉल सेंटरशिवाय कुणाचा नंबर दिसत नसे. तो मॅडमना म्हणाला, "डोक्याला ताप झालाय नुसता." पण फोन त्यानं खिशातून काढून समोर, काचेपाशी ठेवला.

बुधवारी सकाळी आबांनी पोटातलं सांगितलं. त्यांचा मुलगा भूपेंद्र वरणगावच्या फॅक्टरीत नोकरीला होता. सरकारी क्वार्टर होतं. आबांची बायको गेल्यावर त्यानं त्यांना तिकडं नेलं. रविवारी दुपारी सगळे झोपलेले असताना ते पिशवी घेऊन निघाले. ती रात्र भुसावळच्या स्टँडवर काढली आणि सकाळी धुळ्याची समजून भलत्याच गाडीत बसले.

"पोऱ्या वाईट शे का?" प्रेमराजनं विचारलं.

"नही रे. बठ्ठं शे तठे. पंखा शे, टीवी शे, सून ताटम्हा गरम पोळी वाढस. पन दिनभर बोलाले कोनी नही. मी तोंड उघाडं का नातवंडं हाससत. सून म्हनस, आबा, नीट बोला." त्यांनी आवाज उतरवला. "तू कोनले सांगू नको. माले नेरले पोचाडी दे."

"नेरले कोन शे आते?"

"घर शे."

प्रेमराजनं सांगायला हवं होतं, आपण मुलाला कळवू. त्याऐवजी तो म्हणाला, "रविवारनी माले सुट्टी शे. मी लई जासू तुमले." आबांनी त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तो अख्खा दिवस प्रेमराज मनातल्या मनात तो प्रवास आखत राहिला. सकाळची गाडी, धुळ्याला जेवण, तिथून नेर. आबांचं घर झाडून घ्यावं. मग जमलं तर पुढं लामकानीला जाऊन आपलंही कुलूप काढून यावं. अमोद्याच्या कॉलला तो वळण चुकला. मॅडमनी विचारलं, "भाऊ, बरं आहे ना?" तो हसला. मुलगा शोधत असेल, हा विचार त्याच्या मनात आलाच नाही असं नाही. आला, पण त्यानं त्याला बाहेरच उभं ठेवलं.

गुरुवारी दुपारी, कॉल नसताना, मॅडमनी त्याच्यापुढे मोबाईल धरला. "भाऊ, हे आपले बसस्टँडवाले बाबा ना?"

कुठल्याशा ग्रुपवर आलेला संदेश होता. आबांचा फोटो, टोपीशिवायचा. 'आमचे वडील रविवारपासून हरवले आहेत. बोली अहिराणी. विहिरी, रेल्वे लाइन, सगळीकडे शोध घेतला. कृपया कळवा.' खाली भूपेंद्रचा नंबर.

"चार दिवस झाले हो," मॅडम म्हणाल्या. "पोलिसांनी दवाखान्यांत विचारलं नसेल का?"

पोलिसांनी विचारलं होतं. प्रेमराजला नंतर जीवरामकडून कळलं. मंगळवारीच फोन आला होता, कुणी बेवारस म्हातारा दाखल आहे का म्हणून. जीवरामनं यादी पाहून सांगितलं, नाही. अभिमन पाटलांना तर पुतण्या होता.

"तुम्ही पुतण्या, तुम्हीच करा फोन," मॅडम सहज हसून म्हणाल्या आणि पुस्तकात डोकं घातलं. आपल्याला कालपासून माहीत होतं, हे प्रेमराज त्यांना सांगू शकला नाही. तो गाडीतून उतरून मागच्या बाजूला गेला. विहिरी आणि रेल्वे लाइन हे दोन शब्द त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. त्यानं नंबर लावला.

पलीकडचा माणूस पूर्ण वाक्य ऐकायच्या आतच रडू लागला.

भूपेंद्र तासाभरात आला. चाळिशीचा, दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. योगायोगानं गाडी तेव्हा दवाखान्यातच होती. तो वॉर्डात शिरला आणि वडिलांच्या पायांशी खाली बसला. "आबा, काही बोलायचं तरी," एवढंच तो म्हणत राहिला. आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ते रागावलेले दिसत नव्हते. थकलेले दिसत होते.

मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या प्रेमराजकडे पाहिलं.

"तू सांगं का?"

"हां आबा. मीच सांगं."

"मंग तू खरा पुतन्या शे," आबा म्हणाले. "परका ऱ्हाता तं गप बसता."

भूपेंद्रनं प्रेमराजचे हात धरले, दहादा आभार मानले, घरी यायचं वचन घेतलं. "तुम्ही नसता तर काय झालं असतं," तो म्हणाला. प्रेमराजनं मान खाली घातली. त्याच्याच्यानं त्या नजरेला नजर देववेना. एवढ्यात मॅडमनी खालून हाक मारली, हंबर्डीला बाळंतपणाचा कॉल होता. गाडी बाहेर काढताना त्याला आबा खिडकीत दिसले नाहीत.

त्यानंतर दवाखान्यातून फोन येणं बंद झालं. दोन दिवस त्यानं फोन तसाच काचेपाशी ठेवला, मग पुन्हा खिशात घातला.

तो रविवार त्यानं झोपून काढला. पुढच्या रविवारी मात्र तो भुसावळला गाडी बदलून वरणगावला गेला. सोबत पाव किलो शेव आणि बाजारातली थोडी भुईमुगाची ओली शेंग घेतली होती. वाटेत तो काय काय बोलायचं ते ठरवत होता. नेरला नेलं नाही याची आबांकडे माफी कशी मागायची ते त्याला अहिराणीतच सुचत होतं, दुसऱ्या कुठल्या बोलीत ते नीट बसत नव्हतं.

क्वार्टर नीटनेटकं होतं. भूपेंद्रनं मनापासून स्वागत केलं, सुनेनं चहा टाकला. आबा इस्त्रीचा पांढरा पायजमा घालून खुर्चीत बसले होते. चेहरा भरला होता. पलंगावर नात मोबाईल बघत लोळत होती.

"कसं शे आबा?" प्रेमराज म्हणाला.

पलंगावरून खुदकन हसू आलं. सुनेनं स्वयंपाकघरातून डोळे वटारले.

"बरं आहे," आबा म्हणाले. "खूप बरं आहे आता. तुम्ही बसा ना. प्रवास कसा झाला?"

प्रेमराज बसला. त्यानं आबांच्या डोळ्यांत पाहिलं. ओळख होती तिथं, पूर्ण होती. पण ते एकेक शब्द जपून टाकत होते, ओल्या फरशीवर पाय टाकावा तसा.

"चांगला झाला," प्रेमराज म्हणाला. "ऊन फार आहे यंदा."

"हो. ऊन आहे."

मग केळीच्या भावाचं निघालं, भूपेंद्रच्या शिफ्टचं निघालं. सुनेनं शेंगा परातीत काढल्या आणि म्हणाली, "आबांना दात नाहीत हो, पण मुलं खातील." चहा झाला. बोलायचं ठरवलेलं सगळं प्रेमराजच्या तोंडात तसंच राहिलं. तासाभरानं तो उठला.

"पुन्हा या," आबा म्हणाले.

"येईन."

दाराला वरच्या बाजूला, म्हाताऱ्या माणसाचा हात पोचणार नाही इतक्या उंच, नवी कडी बसवलेली होती. भूपेंद्रनं टाचा उंचावून ती काढली, जरा ओशाळून म्हणाला, "काय करणार, भीती वाटते." प्रेमराज म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." आणि ते बरोबर होतंच.

मागे कडी लागल्याचा आवाज त्यानं ऐकला. फाट्यापर्यंत चालत जायला वीस मिनिटं लागली. रस्त्याला सावली नव्हती, आणि वाटेत ओळखीचं कुणी भेटलं नाही.