मधल्या धारेतलं डोहाळजेवण

"गंगेचा पाळणा, वल्ह्याची त्याला दोरी,
घडीभराची पाव्हणी, झोप गं माझी गोरी."

मित्रांनो, ही ओवी मी ऐकली त्याला आता सतरा वर्षं होऊन गेली. गाणारी बाई माझ्या मागच्या फळीला टेकून बसायची. तिच्या मांडीवरचं लेकरू तिचं नव्हतं. म्हणून तर ती त्याला 'पाव्हणी' म्हणायची.

मी एक जुनी नाव आहे. परभणी जिल्ह्यातल्या वडघाट नावाच्या लहानशा गावाबाहेर, गोदावरीच्या काठावर, मी आता पालथी पडून असते. आमच्याकडं तिला कुणी गोदावरी म्हणत नाही. ती आमची गंगा. माझ्या पाठीवर पोरं घसरगुंडी खेळतात, शेळ्या ऊन खातात. यंदा भादव्यात निजामाचं राज्य गेलं म्हणतात. मला त्यातलं फारसं कळत नाही. पाणी मात्र तेच आहे.

माझा जन्म फसली तेराशे चाळीस सालचा. निजामाच्या राज्यात सालं अशीच मोजत. तुमच्या मोजणीनं एकोणीसशे तीस. जिंतूरकडच्या डोंगरातला साग बैलगाडीनं आला आणि भुजंग सुतारानं चार महिने खपून मला घडवलं. फळीला फळी जोडायची, फटीत तागाच्या दोऱ्या ठोकून बसवायच्या, वरून राळ लावायची आणि मग करडीचं तेल पाजायचं. किती तेल प्यायले मी! माझा मालक आश्रुबा भोई रोज येऊन माझ्यावर बोटांनी ठकठक करायचा.

"भुजंगा, पाणी शिरलं तर रं?"

"शिरलं तर मला सुतार म्हनू नको."

"मग काय म्हनू?"

"चाळणी इकणारा म्हन!"

पाणी शिरलं नाही. आश्रुबाची बायको दगडाबाई हिनं माझ्या पुढच्या टोकाला हळदीकुंकू लावलं आणि मला गंगेच्या हवाली केलं. दगडाबाईच्या आधीची तीन भावंडं दगावली, म्हणून आईबापांनी तिचं नाव दगडाबाई ठेवलं होतं. दगडाला कोण नेतं? तेव्हा ती पोटुशी होती. एक हात पोटावर ठेवूनच तिनं मला पाण्यात लोटलं.

मग मी कामाला लागले. ताडकळसच्या बाजाराला जाणारी माणसं, त्यांची गाठोडी, कोंबड्या, सासरी निघालेल्या रडक्या नवऱ्या, साऱ्यांना मी ऐलतीरावरून पैलतीरावर नेलं. धनगरांच्या शेळ्यांनी माझी दोरी दोनदा खाल्ली. तरी उतरताना माणसं माझ्या काठाला हात लावून कपाळाला लावायची, आणि त्या एका स्पर्शानं माझा दिवसाचा शीण उतरायचा.

त्याच वर्षी आबासाहेब देशमुखांच्या घरी मुलगी झाली. तिचं नाव कमल. तिची आई पार्वतीबाई बाळंतपणात तापानं फणफणली, आणि ताप उतरला तेव्हा अंगावरचं दूध आटलं होतं. शेळीचं दूध लेकराला पचेना. सव्वा महिन्यात लेकरू काडी झालं. आणि त्याच महिन्यात दगडाबाईचं आठ दिवसांचं बाळ गेलं होतं. एकीकडं लेकरू होतं, दूध नव्हतं. दुसरीकडं दूध होतं, लेकरू नव्हतं.

देशमुखाच्या लेकीनं भोयाच्या बाईचं दूध प्यावं, हे त्या काळी उघडपणे चालण्यासारखं नव्हतं. पार्वतीबाईनं घरी सांगितलं, गंगेला सकाळ-संध्याकाळ फूल वाहायचा नवस केलाय. मांडीवर लेकरू घेऊन ती माझ्यात बसायची. आश्रुबा मला मधल्या धारेत न्यायचा, तिथं बांबू रोवायचा आणि आमच्याकडं पाठ करून पैलतीराकडं बघत बसायचा. पदराखाली लेकरू चुटूचुटू दूध प्यायचं. दगडाबाई ओवी म्हणायची. पार्वतीबाई एकेक फूल पाण्यात सोडायची आणि रडायची.

"बाईसाब, रडू नका," दगडाबाई म्हणायची. "तिचं पोट भरायलंय, माझं बी ऊर हलकं व्हायलंय. कुनाचं काय गेलं?"

"कुणाला बोलू नकोस, दगडाबाई. मीच सांगीन तिला. जाणती झाली की मीच सांगीन."

सहा महिने असे गेले. कमल बाळसेदार झाली, भात खाऊ लागली आणि नवस फिटला. दगडाबाईनं शब्द पाळला. पार्वतीबाईचा शब्द मात्र मागं मागं पडत गेला. कधी सासूच्या धाकानं, कधी मुलीच्या लग्नाच्या काळजीनं. दर दिवाळीला ती दगडाबाईला एक लुगडं पाठवायची. लुगडं यायचं, शब्द यायचा नाही.

दगडाबाईला पुढं मूल झालं नाही. आठ दिवसांचं तिचं बाळ गाव विसरून गेलं, आणि ओटी भरायला, पाळणा हलवायला तिला कुणी बोलावीना. नावेत कमल चढली की दगडाबाई तिच्याकडं बघायची आणि पटकन नजर पाण्याकडं वळवायची. एवढंच तिचं आईपण. ती नजर मी एकटीनं टिपली होती, आणि लाकडाला तोंड नसतं.

कमलला जिंतूरला दिलं. सेहेचाळीस सालच्या मार्गशीर्षात ती सातवा महिना लागून माहेरी आली, आणि तिला डोहाळा लागला तो नावेत बसून जेवण्याचा.

"नावंत?" तिची आत्या धुरपताबाई काठावर उभी राहून माझ्याकडं बघत म्हणाली. "माणसं डोहाळजेवण झोपाळ्यावर करतात, मळ्यात करतात. हिला मेलीला गंगाच पायजे!"

"पुरवा वो आत्याबाई," आश्रुबा म्हणाला. "डोहाळा मोडला तर लेकराचं कान फुटत्यात म्हनं."

झालं, माझं नशीब उघडलं. मला घासलं, तेल पाजलं. चारी अंगांना केळीचे खुंट बांधले, काठाला झेंडूची माळ गुंफली. त्या दिवशी आश्रुबाचा जोडीदार थंडीतापानं पडला होता, म्हणून मागचा बांबू धरायला दगडाबाई उभी राहिली. धुरपताबाईनं नाक मुरडलं.

"येऊ द्या, पण ओटीच्या वख्ताला तिकडं तोंड करून बस म्हणावं. पोटी लेकरू न्हाई तिच्या."

पार्वतीबाई पत्रावळी मोजत होती. तिनं ऐकलं. पुन्हा पहिल्यापासून पत्रावळी मोजू लागली.

दुपारी आम्ही निघालो. महादेवाच्या बेटापर्यंत जायचं आणि वळसा घालून परत यायचं. मित्रांनो, तसा दिवस मी पुन्हा पाहिला नाही. ऊन कोवळं होतं, दोन्ही काठांना ज्वारी पोटऱ्यात आली होती, बगळे आमच्यापुढं उडत जात आणि पुन्हा वाट बघत बसत. हिरवं लुगडं नेसलेली, शेवंतीच्या फुलांचे दागिने घातलेली कमल मधोमध पाटावर बसली होती. तेरा बायका दोन्ही बाजूंनी पंगतीला बसल्या. पहिला घास गंगेला दिला. मग पुरणपोळी, कटाची आमटी, गव्हाची खीर, कुरडया, दह्यातले धपाटे, आणि कमलसाठी चिंच-गुळाची चटणी. माझ्या फळ्यांवर तूप सांडलं. तेलाची सवय असलेल्या मला त्या दिवशी तूपही मिळालं!

चारठाण्याहून भागुबाई आणली होती. डोहाळे म्हणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. झांजा वाजवत ती गाऊ लागली:

"तिसऱ्या महिन्याला हिला आंबट गोड लागे,
सातव्या महिन्याला कमल गंगामाई मागे."

मागं दगडाबाई ओठांतल्या ओठांत तेच म्हणत होती. तिच्या तालावर बांबू पाण्यात उतरत होता.

जेवणं झाली आणि ओटीची वेळ आली. इथं घोटाळा झाला. ओटी भरून घेणारीचं तोंड पूर्वेला हवं, ही रीत. पण बेटापाशी गंगा वळते आणि तिच्याबरोबर मीही वळते.

"थांबा, थांबा! तोंड दक्षिणेला झालं," धुरपताबाई ओरडली. "पाट फिरवा!"

पाट फिरवला. मी आणखी वळले.

"आता उत्तरेला झालं! आश्रुबा, नाव सरळ धर की!"

"आत्याबाई, नाव धरीन. गंगा कशी धरू?"

"लय शाना हायेस! पाट फिरवा गं!"

असा फिरता फिरता पाट माझ्या उजव्या काठाला जाऊन टेकला. तिथं एकदाचं तोंड पूर्वेला आलं. "हां, आता! भरा, भरा, पुन्हा वळायच्या आत भरा!" आणि तेरा बायका खण-नारळ-तांदूळ घेऊन एकदम उठल्या आणि एकदम उजव्या अंगाला आल्या.

माझा उजवा काठ पाण्याला लागला. गंगा आत आली. खिरीचं पातेलं गडगडत गेलं, भागुबाईच्या हातातल्या झांजा पडल्या. "अगं आई गं, मेले मेले!" धुरपताबाईनं कमलचाच दंड धरला. कमल पाण्यापासून वीतभर अंतरावर होती. मी सारी ताकद लावून डावीकडं झुकायचा प्रयत्न केला; पण नावेची ताकद किती? तिच्यातल्या माणसांइतकीच.

ओरडलं तर बायका आणखी बावरतील, हे दगडाबाईला ठाऊक होतं. ती ओरडली नाही. सगळा भार डावीकडं टाकून तिनं बांबू रोवला आणि खणखणीत गळ्यानं ओवी धरली:

"पहिली माझी ओवी, आत्याबाई खाली बसा,
गंगामाईच्या मांडीवर जीव तुमचा भितो कसा?"

धुरपताबाई मटकन खाली बसली.

"दुसरी माझी ओवी, बाईसाब सरा पल्याड,
एका अंगाच्या भारानं नाव निजते अल्याड."

पार्वतीबाई बसल्या बसल्या डावीकडं सरकली.

"तिसरी माझी ओवी, भागुबाई झांजा धरा,
तालावर सरकत सरकत गर्दी थोडी कमी करा."

भागुबाईनं झांजा उचलल्या. झण, झण. एकेका ओवीला एकेक बाई आपापल्या जागी गेली. माझा काठ बोट-बोट वर आला. शेवटी कमल एकटी उरली.

"अक्कासाब, तुमी भिऊ नका. हात द्या माझ्याकडं. हां... हितं, मधी. बसा."

मी सरळ झाले. आश्रुबानं पत्रावळीनं पाणी उपसायला घेतलं. कुणी हसत होतं, कुणी रडत होतं. भिजलेल्या तांदळाकडं बघून धुरपताबाई म्हणाली, "वाचलो गं बाई, गंगेनंच तारलं."

मित्रांनो, तुमच्याकडं माझं एक मागणं आहे. ते इथंच सांगून ठेवते; पुढचं सांगितल्यावर मला बोलवणार नाही. नाव असो, गाडी असो की जातं असो, जे तुमचा भार वाहतं त्याला वर्षातून एकदा तरी प्रेमानं हात लावा. पावसाळ्याआधी तेल द्या, सैल झालेला खिळा बघा. आणि तुमचा भार एखाद्या माणसानं वाहिला असेल, तर ते त्याला वेळेवर सांगा. लाकूड वाट बघू शकतं. माणसाला आयुष्य थोडं असतं. माझी कुणावर तक्रार नाही. आज मी पालथी आहे, फळ्या उकलल्या आहेत, तरी भुजंगाचे, आश्रुबाचे, गंगेचे आणि माझ्यात बसलेल्या प्रत्येकाचे मी उपकार मानते. त्या दिवसाचे तर फार.

तर कमल थोडी सावरली. ओंजळीत ओले तांदूळ घेऊन म्हणाली, "आत्या, माझी पहिली ओटी दगडाबाई भरतील."

"अगं, असं काय करतीस?" धुरपताबाई चमकली. "वाचवलं तिनं, मान्य. लुगडं दे, चोळी दे. पण ओटी? त्या हातानं? पोटात लेकरू हाय तुझ्या."

दगडाबाईनं बांबू उचलला आणि तोंड फिरवलं. "न्हाई अक्कासाब. रीत हाय ती. मी तिकडं बघते, भरून घ्या तुमी."

पार्वतीबाई उठली. सगळ्या एकदम म्हणाल्या, "बसा, बसा, नाव हलंल!" ती बसली नाही. पण शहाणपणानं अगदी मधोमध उभी राहिली. तिनं दोन्ही पाय माझ्या फळीवर घट्ट रोवले. तो भार मला आजही आठवतो. वारा पडला होता. आश्रुबानं पाणी उपसणं थांबवलं आणि सवयीनं पैलतीराकडं तोंड फिरवून बसला.

"धुरपताबाई, तिच्या पोटी लेकरू झालं होतं," पार्वतीबाई म्हणाली. "तुमी सगळ्या विसरलात. मी विसरले न्हाई, मी गप बसले."

"वैनी, आता हे कशाला..."

"बोलू द्या मला. कमल, तुझ्या वेळी माझं दूध आटलं. तू काडी झाली होतीस. मी गंगेला फूल वाहायला येत न्हवते गं. मी तुला घेऊन हिच्याकडं येत होते. सहा महिने, दोन्ही वेळा, ह्याच नावेत. मीच सांगीन म्हणून हिला शब्द दिला आणि सोळा वर्षं लुगडी धाडत बसले."

दगडाबाईच्या हातातला बांबू खाली टेकला. ती वळली. पार्वतीबाईनं तिचा ओला हात धरला, लेकीच्या ओंजळीवर ठेवला आणि म्हणाली,

"दगडाबाई, मला माफ कर. कमल, तू जगलीस ती हिच्या दुधावर."