निरंभाचे डोळे

"मीच काढले," मोबाईलमधला महिपती म्हणाला.

रोहिणीने हातातला घास परत ताटात ठेवला आणि मोबाईल तांब्याला टेकवून नीट उभा केला. पडद्यावर तिचा बाप हमरापूरच्या कारखान्यात, अर्धवट रंगवलेल्या गणपतींच्या रांगेपुढे खुर्ची टाकून बसला होता. अंगात इस्त्रीचा सदरा. तो तिच्या भावाने, नितेशने, बळेच घातलेला असणार. एरवी म्हातारा बंडीशिवाय दुसरं काही अंगात घालत नाही. समोर आदेश नावाचा एक चॅनेलवाला गुडघ्यावर बसून विचारत होता, 'दूर ताऱ्याचे पाहुणे' मालिकेतल्या परग्रहवासी निरंभाचे डोळे, ज्यांनी आमच्या आईवडिलांची झोप उडवली, ते डोळे नक्की कोणाच्या हातचे?

"मीच काढले. दुसरं कोन काढनार?"

"आई, हे साफ खोटं आहे," मृणाली म्हणाली. लेकीला सगळं ठाऊक होतं. रोह्याच्या या दोन खोल्यांत आईने ही गोष्ट तिला भात भरवताना किती वेळा सांगितली असेल, देव जाणे.

"जेव."

"खोटं आहे ना पण?"

"जेव म्हटलं ना तुला!"

मृणालीने भात कालवला, पण नजर आईवरून हलवली नाही.

एकोणीसशे शहाऐंशी साली ती मालिका तेरा रविवार चालली. परग्रह म्हणून दाखवला तो पेणच्या खाडीकाठचा मिठागरांचा तुकडा; पांढरे ढीग, पाण्याचे चौकोन आणि मधून चालणारा उंच निरंभ. त्याचा मुखवटा हमरापूरला महिपतीच्या कारखान्यात घडला होता. मुंबईहून कुणी तरी आलं, कागदावर चित्र काढून दाखवलं आणि म्हणालं, गणपतीवाले तुम्ही, तुम्हाला काय अवघड? आता तीच मालिका नव्याने काढून मोबाईलवर आणली होती, आणि दोन आठवडे लोक नुसते कचाकचा भांडत होते. नवा निरंभ संगणकावर बनवलेला. चकचकीत, गुळगुळीत, दोन्ही डोळे एका रेषेत. लोकांना तो पसंत नव्हता. कुणी लिहिलं होतं, हा परग्रहावरून आलाय की ब्यूटी पार्लरमधून? कुणी लिहिलं होतं, जुना निरंभ बघून मी पलंगाखाली लपलो होतो, आज दोन पोरांचा बाप आहे, तरी ते डोळे विसरलो नाही. तरुण पोरं उलट सुनवायची: अहो काका, नवीन मस्त आहे, तुम्हाला तुमचं बालपण पाहिजे, मालिका नको. एका बाईंचं मात्र रोहिणीने चारदा वाचलं होतं. जुन्या निरंभाचा एक डोळा आपल्याकडे बघायचा आणि दुसरा आपल्या मागे कुणी तरी उभं असल्यासारखा मागे बघायचा. मी तेव्हा खरंच मागे वळून बघायचे.

तो दुसरा डोळा रोहिणीने चुकवला होता.

पंधरा वर्षांची होती ती. सकाळी अकराला टेम्पो येणार, आणि महिपती हिवतापाने दोन गोधड्यांखाली कुडकुडत पडलेला. डोळ्यांच्या कामाला कारखान्यात आखणी म्हणतात आणि ती सगळ्यांत शेवटी, घरातल्या एकाच जाणत्या हाताने करायची असते. रोहिणीने तोवर फक्त उंदरांचे डोळे काढले होते. पोरांना शिकायला उंदीरच देतात. तिने बारीक ब्रश घेतला आणि निरंभाचे डोळे आखले. उजवा झाला. डावा तांदळाच्या दाण्याएवढा खाली उतरला. तिने घाबरून ओला फडका उचलला, तसा महिपती गोधडी टाकून उठला आणि तिचं मनगट धरलं. उघडलेला डोळा पुसायचा नाय. गणपतीचा नेम त्याने त्या परग्रहावरच्या सोंगालासुद्धा लावला. मुखवटा तसाच टेम्पोत चढला.

मग पहिला रविवार आला. गावात टीव्ही एकच, आणि त्याच्यासमोर बसलेलं अख्खं गाव खो खो हसलं. महिपतीचा चकणा राक्षस! पुढची दोन वर्षं त्याला कुणी नीट जगू दिलं नाही. दादरच्या व्यापाऱ्याने तर तोंडावर विचारलं, आमचा बाप्पा तरी सरळ बघेल ना हो? त्या दिवशी महिपती घरी आला, रोहिणीच्या हातातला बारीक ब्रश काढून घेतला आणि म्हणाला, तुझा हात पीतांबराला बरा. झालं. एकोणचाळीस वर्षं ती पीतांबरच रंगवत आली. लग्न होऊन रोह्याला गेली, नवरा धाटावला कंपनीत शिफ्ट करतो, तरी दर सीझनला सकाळची गाडी धरून पेणला उतरते, रिक्षाने हमरापूर गाठते आणि पीतांबर रंगवते, किनार ओढते, पायांची नखं काढते. महिपतीची नजर अधू झाल्यावर आखणीला नितेशने बाहेरचे कारागीर आणले. तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनेही तोंड उघडलं नाही. रविवारी तेवढी ती रोह्याला असते. आणि नेमका रविवारीच आदेश कॅमेरा घेऊन गेला होता.

"तू लिही ना खाली," मृणाली म्हणाली. "लिही, मी काढले म्हणून."

"काय करायचंय लिहून?"

पण भांडी घासून झाल्यावर तिने लिहिलं. एकच ओळ. ते डोळे मी काढलेत, मी महिपतींची मुलगी, तेव्हा पंधरा वर्षांची होते. सकाळी गाडीत बसल्यावर तिने उघडून पाहिलं. एकवीस जणांनी उत्तर दिलं होतं. व्हय गो मावशी, आणि यान मी चालवलं होतं. दुसरा म्हणत होता, म्हातारा जिवंत असतानाच वाटणी मागायला आली. एकाने नुसती हसणारी तोंडं टाकली होती, ओळभर. गाडीने नागोठणं कधी सोडलं, तिला कळलं नाही. संताप संताप झाला तिचा. त्या लोकांचा नाही. ते कोण कुठले. बापाचा.

कारखान्यात महिपती त्याच खुर्चीत बसला होता, बंडीवर. रोहिणी पाटावर धपकन बसली आणि समोरच्या अडीच फुटी मूर्तीचा पिवळा पीतांबर भरायला घेतला. म्हाताऱ्याला दिसत कमी होतं, पण एवढं कळत होतं.

"लोक काय लिवतात गो?" त्याने विचारलं. "नितेश सांगतो, लय लिवतात. वाच की जरा."

रोहिणीने ब्रश वाटीवर आडवा ठेवला, हात पुसले आणि मोबाईल उघडला. वाचू लागली. महिपतीकाका, तुम्हाला साष्टांग नमस्कार. असे कलाकार आता होणे नाही. या हातांना सरकारने पुरस्कार दिला पाहिजे. म्हातारा मान हलवत ऐकत होता. हसत नव्हता. पलंगाखाली लपलेल्या माणसाचं वाचलं, मागे वळून बघणाऱ्या बाईचं वाचलं. मग ती थांबली.

"झालं?"

"एक आहे अजून. एका बाईने लिहिलंय, ते डोळे मी काढले."

महिपतीची मान थांबली. पलीकडे नितेश पुठ्ठ्याचे खोके बांधत होता, त्याचीही सुतळी हातातच राहिली.

"मग? लोक काय म्हनाले तिला?"

"हसले. बापाचं नाव चोरते म्हणाले."

"कोन बाई?"

"मी."

बाहेर रस्त्यावरून रिकामा टेम्पो खडखडत गेला. नितेश पुढे झाला. "ताई, काय हे? कशाला नसतं उकरून काढतेस? अगो, परवापासून नुसते फोन येतायत. पुण्याच्या दोन मंडळांनी बाबांचं नाव घेऊन मूर्ती मागितल्या. बॅनर छापायला गेलाय माझा!"

"तू बांध तुझं खोकं," महिपती म्हणाला.

रोहिणीने पुन्हा ब्रश उचलला. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून ती पिवळ्या रंगाकडे एकटक बघत होती.

"तवा पन मी हेच सांगितलं," म्हातारा शेवटी म्हणाला.

"कधी?"

"गाव हसलं तवा. तो दादरवाला बोल्ला तवा. जो इचारंल त्याला सांगितलं, मीच काढले. तापात होतो, हात हालला. दुसरं काय सांगनार? पोरीनं काढले म्हटलं असतं तर तुला लगीन होईतोवर चकणी चकणी म्हनून चिडवलं असतं या लोकांनी. तुझा नवरा बगायला आला, त्याच्या बापानं पन इचारलं. मीच म्हटलं."

रोहिणीला हे ठाऊक नव्हतं. तिने कधी विचारलंच नव्हतं की गावाने इतकं छळलं, पण तिला त्यात कुणी एका शब्दाने कसं ओढलं नाही. ती समजत होती, लोक विसरले.

"परवा तो पोरगा आला," महिपती म्हणाला, "त्याने इचारलं, आन तोंडातून तेच निघालं. सवयीनं निघालं. मग तो म्हनाला, काका, त्या डोळ्यांसाठी लोक वेडे झालेत. तवा मला कळलं, आता हसत नायत. तवा सांगायला पायजे होतं." त्याने बोटांनी बंडीचं टोक चुरगाळलं. "नाय सांगितलं. गोड लागलं गो. शिव्या खाल्ल्या त्या तुज्यापायी खाल्ल्या. ही शाबासकी मात्र माज्यापायीच खाल्ली."

"आणि ब्रश?" रोहिणी म्हणाली.

"काय?"

"ब्रश का काढून घेतलात? बाहेर मला वाचवलंत. मग घरात का काढून घेतलात?" तिचा आवाज चढला, तसा कोपऱ्यातला कारागीर मान खाली घालून उठला आणि बाहेर गेला. "बाहेरची माणसं आणली तुम्ही आखणीला. मी इथेच बसलेली असायची, बाबा. या पाटावर. एकोणचाळीस वर्षं."

महिपतीने बंडीने तोंड पुसलं.

"भ्यालो," तो म्हणाला. "परत हसतील म्हनून."

"मला हसतील म्हणून?"

"मला."

नितेशने खोका उचलला आणि उगाच दुसरीकडे नेऊन ठेवला.

"नितेश," महिपतीने हाक मारली, "त्या आदेशला फोन लाव. म्हनावं, परत ये. मला बोलायचंय."

"बाबा, लोक खोटारडे म्हणतील तुम्हाला. आज देव देव करतात तेच तोंडात शेण घालतील."

"घालू देत. मला सवय हाय. लाव फोन."

नितेश मोबाईल घेऊन दाराशी गेला. लावला की नाही, ते आतून कळलं नाही. महिपती खुर्चीचे हात धरून उठला, चाचपडत आखणीच्या फळीशी गेला आणि तिथल्या बरणीतले ब्रश एकेक करून अंगठ्याने तपासू लागला. सगळ्यांत बारीक होता तो त्याने निवडला. मग रोहिणीच्या पाटाच्या अंदाजाने वळला आणि तो पुढे केला.

"घे," तो म्हणाला. "ही मोठी मूर्ती तुजी. ये, बस हितं."

रोहिणीने फळीपुढच्या त्या मोठ्या मूर्तीकडे पाहिलं. चेहरा पुरा झालेला, डोळ्यांच्या जागा पांढऱ्या कोऱ्या. तिला पंचावन्नावं चालू होतं. जवळचं आता चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, आणि गेल्या पावसाळ्यापासून सकाळी उठल्यावर उजव्या हाताची बोटं वाकायला वेळ लागायचा. या क्षणाची तिने लग्नाआधी किती वाट बघितली होती. नंतर नंतर बघायची सोडून दिली होती.

तिच्या समोरच्या पीतांबराचा पिवळा भरून झाला होता, किनार राहिली होती. तिने आपला ब्रश धुऊन लाल रंगात बुडवला, वाटीच्या काठावर निथळला आणि किनार ओढायला घेतली. आधी हे पुरं करायचं होतं; घाई केली नाही. वळणापाशी थांबली, श्वास धरला, पुढे गेली. किनार पायापर्यंत आली. मग तिने नखं घेतली. एका पायाची पाच झाली, दुसऱ्याची पाच झाली. ब्रश धुतला, फडक्याने पुसला.

म्हाताऱ्याचा हात अजून पुढेच होता.