तक्रारीसाठी संपर्क

तक्रारींचं काम आता धाकटीने बघायचं, असं सासरेबुवांनी जेवता जेवता सहज सांगून टाकलं आणि वर ताक मागितलं. थोरलीच्या हातातला घास हातातच राहिला.

धंदा घरचाच. खाली दुकानं, वर दोन खोल्यांचं ऑफिस, आणि तिथून घराघरांत, दुकानांत, दवाखान्यांत इंटरनेट पोचवायचं. आता इंटरनेटवरचे पत्ते, म्हणजे ते आकडे हो, कुठल्या कंपनीला दिलेत आणि त्या पत्त्यावरून कुणी आगाऊपणा केला तर ओरडायचं कुणाकडे, याची जाहीर नोंद असते. जगात कुणीही उघडून बघावी. यांच्या पत्त्यांसमोर 'तक्रारीसाठी संपर्क' म्हणून पहिल्यापासून थोरलीचं नाव. एखाद्या गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागायचा, तो गुपचूप जगभर कचरा मेल पाठवत सुटायचा, आणि कुठल्या तरी लांबच्या कंपनीतला माणूस वैतागून थोरलीला लिहायचा. मग ती गिऱ्हाइकाला फोन करणार, आधी गोडीत, मग दमात, मशीन साफ करून घेणार आणि त्या माणसाला उत्तर धाडणार. घरात ती थोरली, सूनबाई, आई, काकू. तिला तिच्या नावाने हाक मारणारी माणसं जगात उरली होती ती एवढीच, तक्रार करणारी.

आणि त्या नावाच्या जागी आता धाकटीचं येणार! धाकटी याच विषयात शिकलेली, लग्न होऊन आली ती थेट ऑफिसात खुर्ची टाकून बसली. तिचं म्हणणं, तक्रारी एकट्या माणसाच्या मेलवर नकोत, सगळ्यांना उघडता येईल अशी सामायिक मेलची पेटी हवी, म्हणजे कुणी आजारी पडलं तरी काम अडत नाही. बरोबरच होतं हो. म्हणून तर थोरलीचा आणखी जळफळाट झाला. चुकीचं बोलली असती तर भांडायची तरी सोय होती.

नोंद बदलली, असं धाकटीने सांगितलं. थोरलीने ती उघडून बघितली नाही. आपल्या जागी दुसरीचं नाव बघायला कोण जाणार?

एक गोष्ट मात्र तिच्या लगेच ध्यानात आली. तक्रार करणारा पुरावा म्हणून तो कचरा मेलच सोबत जोडतो. ऑफिसच्या मेलवर कचरा अडवणारी चाळणी आहे, तिला ती तक्रारसुद्धा कचराच वाटते, आणि ती परस्पर बाजूला टाकते. थोरलीने आपल्या पेटीवरची चाळणी कधीच काढून घेतली होती. नव्या पेटीवर ती होती. पेटी रिकामी.

सांगायचं तिने ठरवलंही होतं. चहाचे कप घेऊन गेली, तोंड उघडणार तेवढ्यात धाकटी हसून म्हणाली, "ताई, तक्रारी जवळपास थांबल्याच की. तुम्ही उगाच एवढी दगदग करत होता." आत सासरेबुवा कौतुकाचे पूल बांधायला बसलेलेच. थोरलीच्या अंगाची आग आग झाली. कप ठेवले आणि मूग गिळून ती बाहेर आली. पडू दे तोंडघशी, तिने मनाशी म्हटलं, आणि खरं सांगायचं तर तिला गोड वाटलं.

मग एके सकाळी फोन सुरू झाले. दातांच्या डॉक्टरांचे मेल परत येतायत, क्लासवाल्यांचे परत येतायत. एका बड्या मेल कंपनीने यांचे सगळे पत्तेच अडवले होते. सासरेबुवा येरझाऱ्या घालायला लागले. धाकटीने त्या कंपनीच्या माणसाला फोन लावला, बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं, आणि ठेवला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. थोरली दारात उभी राहून वाट बघत होती. हाच तो क्षण.

धाकटीने चाळणीने बाजूला टाकलेल्या मेलचा कप्पा उघडला. ढीगभर तक्रारी. थोरली पुढे झाली, वाचायला लागली. प्रत्येक तक्रारीच्या सुरुवातीला तिचंच नाव होतं.

"पेटी तेवढी नवी केली मी," धाकटी म्हणाली. "नाव कशाला बदलू? सगळे तुम्हालाच ओळखतात. तो माणूस आत्ता म्हणाला, इतकी वर्षं या बाई त्याच दिवशी उत्तर द्यायच्या, आता पत्रावर पत्रं टाकली तरी दाद नाही. म्हणून अडवलं."

सासरेबुवा थबकले. त्यांनी थोरलीकडे बघितलं, तशी धाकटी घाईने म्हणाली, की चूक आपलीच, चाळणीचं आपल्या डोक्यातच आलं नाही, ताईंचा काही संबंध नाही. ते पुटपुटत बाहेर गेले.

खोलीत दोघीच राहिल्या. धाकटीने चाळणी बंद केली आणि पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "ताई, तुम्हाला माहीत होतं?"

नाही म्हणायला काय लागत होतं? कुणाला कळणार होतं?

"होतं," थोरली म्हणाली.

धाकटी उठली, आपली खुर्ची तिच्यासाठी मोकळी केली, आणि सगळ्यात जुनी तक्रार उघडून दिली.

"आधी याला लिहा," ती म्हणाली. "हा तुमची वाट बघत बसलाय."