वाढली म्हणावं

अमृताच्या तोंडावर बांधायची पट्टी सवितानं स्वतःच शिवली. शाळेनं जाड कापड सांगितलं होतं. सवितानं आपल्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या साडीचा पदर फाडला आणि दुहेरी घेतला. पोरीच्या गालाला काचू नये, एवढंच आता तिच्या हातात होतं.

गुण काही कुणाला नवा राहिला नव्हता. प्रत्येक गावात एखाद्या पोराच्या अंगी तो उतरायचाच. कुणाची सावली उन्हाकडं धावायची, कुणी हाक मारली की विहिरीचं पाणी काठापर्यंत यायचं. बायांनी त्यावर ओव्या रचल्या, टवाळ पोरांनी नावं ठेवली, आणि गाव सुखानं नांदलं. मग दिवाळीच्या आधी घाटाखालच्या एका शाळेत एक मुलगा रागानं ओरडला आणि वर्गाचे पत्रे पानांसारखे उडाले. पोरं जखमी झाली. तेव्हापासून मावळात ‘गुणी बाळ’ असं कुणी कौतुकानं म्हणेना.

वाडीच्या शाळेत अशी तीन पोरं होती. ओंकार घाबरला की दिसेनासा व्हायचा. नवाज घाबरला की त्याचे तळवे तव्यासारखे तापायचे. तिसरी अमृता, आणि सगळ्यांत जास्त धास्ती तिचीच होती, कारण तिचा गुण जिभेवर होता.

तो कळला नवाजच्या आईमुळं. जाहिदा कामशेतच्या बाजारात बांगड्या भरायची. एकदा सविताचा हात दाबताना एक काकण तडकलं. बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही. फुटली म्हटलं की कपाळच फुटल्यासारखं होतं. वाढली म्हणायचं. जाहिदा तसंच म्हणाली, आणि खाली पडलेला तुकडा मुठीत घेऊन बसलेली लहानगी अमृता तिच्यापाठोपाठ म्हणाली, वाढली. तुकडा वाढू लागला. त्याचं काकण झालं, काकणाचं कडं, आणि कडं चाळणीएवढं. सविता घाबरून सोड म्हणाली, पोरीनं हात सोडला, तेव्हा तो थांबला. पुढं एकदा चिरलेला माठ हातात असताना ती फुटला म्हणाली. त्या माठाची खापरी उरली नाही, नुसती माती उरली.

सवितानं मग सगळं पारखून घेतलं. धड वस्तूला पोरगी काहीही म्हणो, काही होत नसे. वस्तू आधीच मोडलेली हवी आणि तिचा हात त्या वस्तूवर हवा. मग ती म्हणेल तसं, हात काढीपर्यंत. शाळेच्या बैठकीत सवितानं हे उभं राहून सांगितलं. माणसं तर धड असतात, त्यांना तिची काय भीती, असंही म्हणाली.

शाळा समितीचा अध्यक्ष श्रीपतीआबा पुढं बसला होता. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, “मानूस कुटं धड असतं, सविता?”

लोक हसले. नंतर हसू ओसरलं आणि जो तो आपापल्या आत कुठंतरी बघू लागला. पट्टीचा नियम त्याच बैठकीत झाला.

शांत खोलीचाही. धोक्याचा भोंगा वाजला की बाकीच्या पोरांनी बाकाखाली बसायचं आणि गुणाच्या पोरांनी शांत खोलीत जायचं, बाहेरून कुलूप. ही खोली म्हणजे शाळेची जुनी तांदळाची कोठी. तिला नवं लोखंडी दार बसवलं, खिडकी विटांनी बुजवली. मागच्या भिंतीला खडीच्या खाणीतल्या सुरुंगांनी तडा गेला होता, तो तसाच ठेवला. कोपऱ्यातली रिकामी पोतीही कुणी उचलली नाहीत.

माघातल्या एका सकाळी पहिला सराव ठरला. हा सराव नीट झाला तर तिघं शाळेत राहतील. नाही झाला तर त्यांना गुणाच्या पोरांच्या वसतिशाळेत धाडायचं, दूर, चार जिल्हे ओलांडून. तिथून पोर फक्त सुट्टीला येतं, आणि ते आपलंच आहे का हे आईला विचारत बसावं लागतं, असं जाहिदा कुणाकडून तरी ऐकून आली होती.

सवितानं कारखान्यातून रजा घेतली. पट्टीची गाठ मारताना तिनं पोरीला बजावलं होतं, काय बी झालं तरी ही सोडायची न्हाई. अमृतानं मान हलवली होती. ती मान हलवणारी पोर होती.

भोंगा वाजला. मैदानात बसलेल्या आईबापांच्या छातीत तो घुमला. तिघं पोरं व्हरांड्यातून चालत गेली. ओंकारचा डावा हात आत्ताच पुसट व्हायला लागला होता. अमृतानं वळून पाहिलं, पट्टीवर तिचे डोळे तेवढे दिसले. शिपाईण धोंडाबाईनं दार लावलं, किल्ली फिरवली.

भोंगा थांबला. बाकाखालची पोरं बाहेर आली, टाळ्या पडल्या. हेडसर माइकवर बोलायला उभे राहिले. ते पुण्याचे, या जूनलाच बदलून आलेले. सुरक्षितता ही सवय आहे, असं ते सांगत होते, तेवढ्यात धोंडाबाई लगबगीनं आली. अलीकडं शाळेत सगळेच जीभ सांभाळून बोलत. तुटली हा शब्द तिच्या ओठांवर येईना. ती हलकेच म्हणाली, “सर, किल्ली वाढली.”

सरांना वाटलं, जास्तीची किल्ली सापडली. छान झालं, तीही कपाटात जपून ठेवा, असं म्हणून ते पुन्हा माइककडं वळले.

पण पुढच्या रांगेतल्या बायांनी ऐकलं होतं. सविता उठली. जाहिदा तिच्याआधीच धावत सुटली होती.

कुलपात अर्धी किल्ली अडकली होती आणि दाराखालून धूर येत होता.

जाहिदा दाराशी गुडघ्यांवर बसली. आत नवाज खोकत होता. भोंग्याला भिऊन त्यानं कोपरा धरला होता आणि हात पोत्यांना लागले होते. जाहिदाचा आवाज मात्र बाजारात घासाघीस करतानाचा, शांत. “हात वर धर, बेटा. कशालाच लावू नको. नमाजला धरतो तसे धर.” लोकांनी पहार आणली. दार हललं नाही. ते न हलण्यासाठीच बसवलं होतं. कुणी खाणीवर गॅसकटर आणायला पळालं, खाण टेकडीपलीकडं.

सविता शाळेला वळसा घालून मागं गेली. तडा जमिनीपासून तिच्या खांद्यापर्यंत आला होता, आणि त्यातून धुराचा एक बारीक धागा बाहेर पडत होता. तिनं तिथं तोंड लावलं.

“अमू.”

आतून उत्तर आलं नाही. नखांची खरवड ऐकू आली. पोरगी तिथंच होती, तड्याशी, आणि आईनं सांगितलेलं पाळत होती.

“पट्टी सोड, बाय.”

मागून तिचं मनगट कुणीतरी धरलं. श्रीपतीआबा अधू पायानं लंगडत आला होता, त्याचा श्वास लागला होता. पोरीला बोलू देऊ नको, म्हणाला. भिंत फुटली तर वरचा स्लॅब खाली येईल, तिन्ही पोरं जातील. त्याच्या डोळ्यांत द्वेष नव्हता. सविता त्याला वेडा म्हणू शकली नाही, कारण त्या माठाची माती तिनं स्वतः झाडून काढली होती. घाबरलेलं पोर फुटली म्हणतं. सगळीच म्हणतात.

तिनं मनगट सोडवून घेतलं नाही. तशीच पुन्हा भिंतीला टेकली आणि पोरीला झोपवताना म्हणायची ती ओवी म्हणू लागली. आवाज चिरकत होता, चाल मात्र सुटली नाही.

*वाढलं म्हनावं गं, हातीचं काकन,*
*फुटल्या बोलाला, बाई, न्हाई झाकन.*

“आयकलं का, अमू? फुटली म्हनायचं न्हाई. तड्यावर हात ठिव. तडा वाढला, एवढंच म्हन. मी हात काढ म्हनलं की काढायचा.”

भिंतीपलीकडं गाठ सुटायला वेळ लागला. दुहेरी गाठ सवितानंच मारली होती.

मग आतून पोरीचा कोरडा आवाज आला. कित्येक दिवसांत तो शाळेच्या आवारात कुणी ऐकला नव्हता.

“तडा वाढला.”

गिलावा सुटून पडला. धुराच्या धाग्याची दोरी झाली, दोरीचा पट्टा. विटा एकमेकींपासून बाजूला सरकल्या, गर्दीत बाया सरकून वाट देतात तशा. बोट जाईल एवढी फट झाली, मग हात, मग डोकं. आबानं सविताचं मनगट सोडलं. फटीतून धूर लोटला, आणि धुरात कुणीच नसताना सविताच्या पोटाला काहीतरी बिलगलं, उष्ण आणि थरथरतं. तो ओंकार होता. तिनं त्याला चाचपून मागं ढकललं. मग नवाज आला, दोन्ही हात अजून वर धरलेले.

वर काहीतरी करकरलं. तडा खांदा सोडून स्लॅबकडं निघाला होता.

“हात काढ.”

अमृता डोळे मिटून तेच म्हणत होती. वाढला, वाढला. तिला ऐकूच येत नव्हतं. सवितानं फटीत खांदा घातला, विटेवर चिकटलेला तो लहान पंजा शोधला आणि बोटं एकेक करून उचलली. करकर थांबली. पोरगी आईच्या हाताला धरून बाहेर आली. पट्टी तिच्या गळ्यात लोंबत होती.

सरावानंतर तिघांचा निकाल लावायला ठरलेली बैठक रद्द झाली नाही. ऊन उतरताना लोक पुन्हा मैदानात बसले. पोरीनं तिघांना वाचवलं असं काही म्हणाले. पोरीनं भिंत उघडली, हे तर सगळ्यांनी बघितलं, असं बाकीचे म्हणाले. उद्या ती कुणाच्या घराची भिंत धरेल? जाहिदा म्हणाली, आग लागली ती पोत्यांना, आणि कोंडलं ते कुलपानं. हेडसर दोन-तीनदा बोलायला उठले आणि खाली बसले. सगळे आबाकडं बघत होते. आबा शाळेच्या भिंतीकडं बघत होता. आग विझवायला कटरनं कापलेल्या दारातून त्या फटीतलं ऊन व्हरांड्यात पडलं होतं.

अंधारून यायच्या आत घरी जायला हवं होतं. सवितानं पोरीचं दप्तर उचललं. निकाल काहीही लागो, तो ऐकायला ती थांबणार नव्हती.

अमृता तिच्याबरोबर निघाली नाही. ती आबाच्या खुर्चीपुढं गेली आणि वाकली. मावळातलं कुठलंही पोर निघताना वडीलधाऱ्यांच्या पाया पडतं, तशी. तिच्या तोंडावर पट्टी नव्हती आणि तिचे दोन्ही हात माणसाला लागले होते.

आबाचा पाय चपलेसकट थोडा मागं सरकला. ‘मानूस कुटं धड असतं’ हे त्याचंच बोलणं तिथं बसलेल्या प्रत्येकाला आठवलं, त्यालाही आठवलं असणार.

पाय थांबला. तो त्यानं पुन्हा पुढं घेतला.

“येते, आबा,” अमृता म्हणाली.

जाते असं कुणी म्हणत नाही.

आबाचा हात बराच वेळ हवेत राहिला. मग तो पोरीच्या डोक्यावर टेकला.

“व्हय,” तो म्हणाला. “उद्या वक्तशीर ये.”